पुन्हा मॅडमची शेवटची बॅच

पुन्हा मॅडम यंदाच्या जानेवारीत, एका बुधवारी पहाटे, तळेगावच्या राहत्या घरी वारल्या. बातमी महाविद्यालयात पोचली तेव्हा रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सकाळची पहिली बॅच चालू होती. ती थांबवण्यात आली नाही. थांबवली असती तर तिच्या मागची बॅच दुपारवर गेली असती, दुपारची संध्याकाळवर, आणि संध्याकाळच्या बॅचला दुसऱ्या दिवशीही जागा नव्हती. सगळी मुले एका वेळी मावतील एवढे सभागृह तिथे नाही. त्यामुळे श्रद्धांजली बॅचवार झाली. प्रत्येक बॅच आत आली, ब्युरेटपाशी दोन मिनिटे उभी राहिली आणि कामाला लागली. हे मी पाहिलेले नाही. लॅबचे परिचर सोपानभाऊ यांनी सांगितले. "शेवटच्या बॅचला तर दोन मिन्टं बी न्हाई मिळाली," ते म्हणाले. "नळाचं पानी जानार व्हतं."

काय पाहिले आणि काय नुसते ऐकले, हे वेगळे सांगायची सवय मला मॅडमनी लावली. मी त्यांचा विद्यार्थी होतो. पुढे रसायनशास्त्र सोडून वर्तमानपत्रात गेलो. माझ्या नावाने पहिली मोठी बातमी छापून आली, एका कारखान्याने इंद्रायणीत सोडलेल्या सांडपाण्याची, तेव्हा त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. अभिनंदन नव्हते. "पाणी तांबडं होतं असं लिहिलंयस. तू तिथे होतास?" मी म्हणालो, गावकऱ्यांनी सांगितले. "मग तसं लिही. गावकऱ्यांच्या डोळ्यांनी तू कशाला बघतोस?" फोन बंद. असे फोन पुढे अनेक वर्षे येत राहिले. मी चुकलो नसलो की येत नसत.

त्यांचे खरे नाव वेगळे होते. ते हजेरीच्या मस्टरवर होते आणि पगाराच्या दिवशी कोणीतरी उच्चारत असे. मुलांसाठी त्या पुन्हा मॅडम होत्या, कारण लॅबमध्ये त्या दिवसभर जे काही बोलत त्यात हा एकच शब्द सर्वांत जास्त वेळा येई. मूल टायट्रेशन करी, म्हणजे ब्युरेट या रेषा आखलेल्या उभ्या काचनळीतला अल्कली थेंबाथेंबाने फ्लास्कमधल्या आम्लात सोडी, गुलाबी रंग येताच तोटी बंद करी, किती मिलिलिटर लागले ते वाची आणि मोठ्या आशेने मॅडमकडे बघे. मॅडम फ्लास्क उचलत, उजेडाकडे धरत, बेसिनमध्ये ओतून देत आणि म्हणत, "पुन्हा." रागावत नसत. आवाज चढत नसे. पाऊस आहे का, असे विचारल्यावर "आहे" म्हणावे तसे म्हणत.

रंग हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विषय होता. एक थेंब जास्त पडला तरी फ्लास्क भडक होतो, आणि भडक फ्लास्क म्हणजे चुकलेले उत्तर. पहिल्याच आठवड्यात माझा फ्लास्क बघून त्या म्हणाल्या, "हा काय, शालू रंगवलास? लग्न कोणाचं आहे?" बॅच हसली. मग त्यांनी हसणाऱ्यांचे फ्लास्क पाहिले आणि एकेक करून सगळे ओतून टाकले. "गुलाबी नको आहे," त्या म्हणाल्या. "गुलाबीची शंका हवी आहे." ती शंका मला त्या वर्षी दिवाळीनंतर कधीतरी जमली. फ्लास्क त्यांनी उजेडाकडे धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि ओतला नाही. शाबासकी देण्याची त्यांची रीत एवढीच होती. आमच्या वेळच्या मुलांना विचारले तर आपला फ्लास्क पहिल्यांदा ओतला गेला नाही तो दिवस बहुतेकांना आठवतो.

लॅबमध्ये त्यांनी स्टूल ठेवू दिले नव्हते. "बसलेला माणूस रीडिंग वाचत नाही, रीडिंगची वाट बघतो." त्या स्वतःही बसत नसत. डबा वजनकाट्यांच्या खोलीच्या दारात उभ्याने खात, एक डोळा लॅबवर ठेवून. अ‍ॅप्रनला आम्लाने पडलेली भोके होती आणि ती त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने स्वच्छ रफू केली होती. एखाद्या मुलीचे टायट्रेशन लांबून तिची शेवटची एसटी चुकली, तर मॅडम तिला स्कूटरवर मागे बसवून थेट कामशेतपर्यंत सोडून येत. वाटेत एक शब्द बोलत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला सगळ्यांसमोर सांगत, "तुझ्या हाताला पळीची सवय आहे, थेंबाची नाही. घरी स्वयंपाक करतेस ना? मग तिकडेच लक्ष दे."

त्यांना दया नव्हती, असे अनेकजण म्हणतात. त्यांच्याकडे त्याची उदाहरणे आहेत. माझ्या बॅचमधल्या एका मुलाचे वडील गेले. दहाव्याचा विधी उरकून तो लॅबमध्ये आला, डोके भादरलेले, आणि त्याचा हात कापत होता. थेंब धार होऊन पडत होते. मॅडम त्याच्या मागे उभ्या राहिल्या. "घरी जा," त्या म्हणाल्या, "नाहीतर हात थांबव." हे मी पाहिले आहे, मी त्याच्या शेजारच्या ब्युरेटला होतो. त्याने हात थांबवला. त्या दिवशी त्याचा फ्लास्क ओतला गेला नाही. तो पुढे मॅडमशी कधी बोलला नाही.

आमच्या वेळी हे सगळे शक्य होते, कारण प्रत्येकाला स्वतःची ब्युरेट होती. महाविद्यालय वडगाव आणि तळेगावच्या मध्ये, महामार्गाकडे पाठ करून उभे आहे. तेव्हा लोणावळ्यापासून शिरगावपर्यंतची मिळून जी मुले विज्ञानाला येत ती लॅबच्या चार लांब टेबलांभोवती मोकळी उभी राहत. पुढे या पट्ट्यात कारखाने आले, त्यांत औषधांचेही. औषधांच्या कारखान्यांना तपासणीच्या लॅबसाठी बीएस्सी केमिस्ट्रीची मुले हवी होती. हे गावोगाव कळले. जमीन गेलेल्या आणि न गेलेल्या, दोन्ही घरांतली मुले केमिस्ट्रीला येऊ लागली. संस्थेने एक जादा तुकडी उघडली, मग आणखी एक. वर्गासाठी नवी इमारत बांधली. लॅब तीच राहिली, टेबले तीच आणि बेसिनही तेवढेच.

मॅडमनी प्रथम बॅचेस वाढवल्या. सकाळी सातला पहिली, आणि शेवटची दिवे लागल्यावर संपायची. तासिका तत्त्वावर घेतलेले तरुण शिक्षक मदतीला आले, आणि बरी नोकरी मिळाली की गेले. ब्युरेट फुटल्या, नव्या मागवल्या, आल्या त्या निम्म्या. बॅच भरली की मॅडम दार आतून लावून घेत. उरलेली मुले जिन्यावर बसून राहत. एकदा संस्थेचे एक पदाधिकारी लॅब बघायला आले आणि दार बंद असल्याने त्याच जिन्यावर, मुलांच्या शेजारी, उभे राहिले. सोपानभाऊंनी दाराच्या काचेतून खूण केली. मॅडमनी हातानेच थांबा म्हणून सांगितले. एका मुलीचे टायट्रेशन शेवटच्या थेंबाला आले होते.

त्यानंतर प्राचार्यांनी आदेश काढला. एका ब्युरेटवर गट काम करील. एकजण टायट्रेशन करील, एकजण रीडिंग वाचील, एकजण लिहील, बाकीचे निरीक्षण करतील. मुलांनी महिनाभरात या भूमिकांना नावे दिली. प्रत्येक गटात एक हात, एक डोळा, एक पेन, आणि उरलेले पाहुणे. हात कोणी व्हायचे ते वर्षाच्या सुरुवातीला ठरे आणि सहसा बदलत नसे, कारण ज्याला जमते त्याने केले की गट लवकर सुटे. तीन वर्षे केमिस्ट्री शिकून ब्युरेटची तोटी एकदाही न फिरवलेली मुले तयार होऊ लागली. ती पासही होत.

मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. तिथे काय झाले ते मला प्राचार्यांनीच नंतर सांगितले, थोडे हसत. मॅडम म्हणाल्या, "पाचजणांना एका हाताने जेवता येतं का?"

"मॅडम, हे जेवण नाही. अभ्यासक्रम आहे. पूर्ण करायचा असतो."

"आणि परीक्षेत?"

"परीक्षेत ज्याचा तो. पूर्वीसारखंच."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या.

त्या वर्षी त्यांनी लॅबमध्ये फ्लास्क ओतणे बंद केले. गटांमधून फिरत, बघत, पुढे जात. पुन्हा म्हणत नसत. मुलांना वाटले, बाईंचे वय झाले. सोपानभाऊंना तसे वाटले नाही. ते परंदवडीचे. मॅडमबरोबर त्यांनी लॅबमध्ये उभी हयात काढली होती. "टोकनारं मानूस गप झालं की समजावं," ते मला म्हणाले. "बाई गप झाल्या तवाच मला भ्या वाटलं."

त्या वर्षी मॅडमनी एकाच मुलीला शिकवले. तिचे नाव सारिका. तीही परंदवडीची, सोपानभाऊंच्या आळीतली. वडील शेती करून एका कारखान्यात पहाऱ्याला जात. सारिका तिच्या गटात पाहुणी होती. पण दुपारच्या सुटीत, सोपानभाऊ काचसामान धुवत असताना, ती रिकाम्या लॅबमध्ये येई, एक ब्युरेट नळाच्या साध्या पाण्याने भरी आणि थेंब सोडत राही. रसायने वापरायची परवानगी नव्हती, पाण्याची कोणी विचारली नव्हती. रंग येण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून ती मनात आकडा धरी आणि बरोबर त्या रेषेवर पाणी थांबवून बघे. एके दिवशी वजनकाट्यांच्या खोलीच्या दारातून, तोंडात घास असताना, मॅडम म्हणाल्या, "पुन्हा." सारिका दचकली. मग तिने पुन्हा केले. नंतर रोजच तसे चालले. मॅडम जवळ कधी गेल्या नाहीत, तोटी कशी धरायची ते हात लावून दाखवले नाही. दारातून तेवढा एक शब्द. "माझ्याशी त्या दुसरं कायच बोलल्या न्हाईत," सारिकाने मला सांगितले. "पन मला कळायचं, कुटं चुकलं ते."

हिवाळ्यात एका औषध कंपनीचे लोक मुलाखती घ्यायला आले. तपासणीच्या लॅबसाठी त्यांनी जी थोडी मुले निवडली त्यांत सारिका होती. अट एकच. जूनमध्ये रुजू होताना तिसऱ्या वर्षाचा निकाल हाती पाहिजे, आणि प्रॅक्टिकलमध्ये पास पाहिजे. तिच्या वडिलांनी आळीत पेढे वाटले. सोपानभाऊंनी त्यातला एक मॅडमना दिला. त्यांनी तो कागदात बांधून डब्यात ठेवला.

प्रॅक्टिकल परीक्षेत रीडिंग फिरते. ही त्या लॅबची जुनी रीत आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे इतरही पुष्कळ लॅबची. सगळ्यांना एकच द्रावण असते, म्हणून सगळ्यांचे उत्तर एकच असते. वर्गातल्या हुशार मुलाचे टायट्रेशन आधी होते. मग टेबलाच्या कडेवर बोटे उमटतात, आधी पूर्ण आकडा, मग दशांश. नऊ बोटे, मग आठ. नऊ पूर्णांक आठ. शेवटच्या टेबलापर्यंत आकडा पोचायला फार वेळ लागत नाही. पुढे प्रत्येकजण आपापल्या ब्युरेटशी खोटे खोटे खेळतो आणि तो आकडा लिहितो.

त्या एप्रिलमध्ये मॅडमनी परीक्षेची द्रावणे स्वतः बनवली. सोपानभाऊंना हात लावू दिला नाही. प्रत्येक टेबलाला वेगळ्या तीव्रतेचे आम्ल होते, बाटल्या बाहेरून सारख्या. पुण्याहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना त्यांनी हे आधी दाखवले. परीक्षकांनी मला फोनवर सांगितले की नियमात असे करायला मनाई नाही आणि त्यांनी त्याप्रमाणे सही केली. चहा चांगला होता, असेही ते म्हणाले.

पुढचे सोपानभाऊंनी आणि सारिकाने वेगवेगळे सांगितले, आणि ते जुळते.

सारिका तिसऱ्या टेबलाला होती. तिने ब्युरेट भरली, तोटी फिरवली, आणि गुलाबीची शंका आल्यावर थांबवली. अकरा पूर्णांक चार. दुसऱ्यांदा केले, अकरा पूर्णांक चार. तिने ते पेनाने लिहिले. मग शेजारच्या ब्युरेटवरच्या पूजाने टेबलाच्या कडेवर बोटे ठेवली. पूजा तिची मैत्रीण, तीन वर्षे एकाच गटातली. पूजाचा स्वतःचा फ्लास्क शालूसारखा झाला होता, ती फक्त आलेला आकडा पुढे देत होती. नऊ, आठ. सारिकाने मान हलवून नाही म्हटले. पूजाने पुन्हा दाखवले आणि डोळ्यांनी पहिल्या टेबलाकडे खूण केली. तिथे वर्गात पहिला येणारा मुलगा होता आणि तो लिहून मोकळा झाला होता. सारिकाने तिसऱ्यांदा टायट्रेशन केले. अकरा पूर्णांक चार.

"मला वाटलं, एवढ्या सगळ्यांचं कसं चुकंल," ती मला म्हणाली. "माझंच चुकलं आसंल. मी तर पान्यावर शिकल्याली."

मॅडम तोवर तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. सारिकाला ते माहीत नव्हते. सोपानभाऊ समोरच्या बेसिनपाशी होते, त्यांना दोघी दिसत होत्या. सारिकाने पेन उचलले. "बाईंनी तोंड उगडलं व्हतं," सोपानभाऊ म्हणाले. "मला वाटलं, आता म्हनत्यात. पुन्हा म्हनत्यात. तेवढं आयकलं आसतं तर पोरीनं पेन खाली ठिवलं आसतं. मी हातातलं काम थांबवून बघत व्हतो." सारिकाने अकरा पूर्णांक चार खोडले आणि वर नऊ पूर्णांक आठ लिहिले. मॅडमनी तोंड मिटले आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

निकालात बहुतेक बॅच प्रॅक्टिकलला नापास झाली. पहिल्या टेबलावरची मुले पास झाली, कारण नऊ पूर्णांक आठ हे त्यांच्या बाटलीचे खरे उत्तर होते. त्या टेबलावर स्वतः टायट्रेशन केलेला एकच मुलगा होता. बाकीच्यांनी त्याचे बघून लिहिले आणि तेही पास झाले. त्या आठवड्यात महाविद्यालयाच्या फाटकाला कुलूप लागले, मोर्चे आले, वडगावच्या एका पुढाऱ्याची गाडी आली. प्राचार्यांनी मॅडमना गुण वाढवून द्यायला सांगितले. मॅडमनी विचारले, "कशाचे?"

सारिका आणि तिचे वडील तळेगावला मॅडमच्या घरी गेले. सोपानभाऊ त्यांना घेऊन गेले होते. मॅडमनी तिघांना पाणी दिले. वडील दारातच उभे राहिले.

"बाई, पोरीनं आदी बरुबर लिवलं व्हतं."

"हो. मी तिच्या मागेच उभी होते."

"तुमी बघितलं?"

"बघितलं."

"आन् मंग?"

"मग तिने खोडलं."

"ती पयल्या टेबलाची पोरं बघून लिवून पास झाली. आन् जिनं सोता केलं ती नापास. ह्ये कुटलं गनित, बाई?"

"झाली पास," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना पकडता येत नाही."

"कंपनीचं बोलावनं आलंय. जूनला जायाचंय. तुमास्नी ठाव हाय. पेढा खाल्ला तुमी."

मॅडम सारिकाकडे वळल्या. "तू कंपनीत काय करणार? औषध तपासणार. बरोबर रीडिंग येईल तुला, आणि शेजारची बोटं दाखवील. तू खोडशील. ते औषध कोणाच्या तरी पोटात जाईल." सारिका रडत नव्हती, असे सोपानभाऊ म्हणाले, नुसती फरशीकडे बघत होती. मॅडम पुढे म्हणाल्या, "तू त्या सगळ्यांपेक्षा जास्त नापास आहेस. त्यांना येत नव्हतं. तुला येत होतं."

वडिलांनी मुलीच्या खांद्याला धरले आणि तिघे बाहेर पडले. फाटकापाशी त्यांनी सोपानभाऊंना सांगितले, "ह्या बाईला पोर न्हाई, म्हनून आसं बोलती." मॅडमचे स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे आणि खिडकी उघडी होती.

संस्थेने समिती नेमली. समितीने बाटल्या मागवल्या, त्या धुतल्या गेल्या होत्या. समितीने निर्णय दिला की विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये, आणि सर्वांना प्रॅक्टिकलला सरासरी गुण देऊन पास केले. निर्णय गणपतीच्या सुमारास आला. सारिकाची जागा कंपनीने जूनमध्येच दुसऱ्याला दिली होती.

मॅडमना प्रॅक्टिकलच्या कामातून काढले. निवृत्तीला अजून अवकाश होता, म्हणून त्यांना प्रवेशाच्या खिडकीवर बसवले. पुढच्या वर्षीची मुले रांगेने येत आणि मॅडम त्यांचे अर्ज घेत. वाढीव तुकडीचे सगळे प्रवेश त्यांच्या हातून झाले. तिथे त्यांना खुर्ची होती. मी त्या काळात एकदा कामासाठी वडगावच्या कोर्टात गेलो होतो, परतताना थांबलो. खिडकीसमोर कामशेतची एक मुलगी उभी होती. मॅडमनी तिचा अर्ज पाहिला आणि विचारले, "केमिस्ट्री का?"

"नोकरी लागती, मॅडम."

"लागते," मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारला.

मी त्यांना सारिकाबद्दल विचारले. मी वर्तमानपत्राकडून आलेलो नाही, असेही सांगितले. त्यांनी पुढचा अर्ज ओढून घेतला. मग म्हणाल्या, "परीक्षेत बोलायचं नसतं." मी म्हणालो, तुम्ही तोंड उघडले होते असे सोपानभाऊ म्हणतात. त्यांनी वर पाहिले. "तू तिथे होतास?"

"नाही."

"मग सोपान म्हणतो, असं लिही."

ती आमची शेवटची भेट. त्याच वर्षी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभ ठरला होता, पण ज्या हॉलमध्ये ठरला होता तिथे त्या दिवशी जादा बॅचचे लेखी पेपर आले. श्रीफळ आणि शाल सोपानभाऊ घरी नेऊन देऊन आले. त्यांना चहा मिळाला. निघताना मॅडमनी विचारले, "दुपारी लॅबमध्ये कोण येतं?" सोपानभाऊ म्हणाले, कोणी नाही, आता दुपारीही बॅच असते.

अंत्यविधीला आम्ही जुन्या बॅचमधले काहीजण होतो. भादरलेल्या डोक्याने लॅबमध्ये आलेला तो मुलगा लोणावळ्याहून आला होता, आता त्याचे केस पिकले आहेत. तो सगळे संपेपर्यंत थांबला. अलीकडच्या बॅचमधले कोणी नव्हते. स्मशानातून निघालो तेव्हा सोपानभाऊंनी सांगितले की सारिकाला त्यांनी कळवले होते.

मी तिला नंतर भेटलो, शिरगावात, तिच्या सासरी. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे घर आहे. तिने चहा केला आणि विचारण्याआधीच म्हणाली, "मी गेले न्हाई."

"राग आहे?"

"त्या मागं उभ्या व्हत्या हे मला त्यांच्या घरी कळलं. तवर मला वाटत व्हतं, त्यांनी बघितलं आसतं तर वाचवलं आसतं." मग म्हणाली, "त्या बोलल्या ते खोटं न्हाई. मी खोडलं. पन मी एकवीस वर्साची व्हते. त्या किती वर्साच्या व्हत्या?"

तिने कप उचलले.

सारिका सध्या त्याच औषध कंपनीत आहे, ठेकेदाराकडून, पॅकिंगला. गोळ्यांची पाकिटे खोक्यात भरून खोके चिकटवण्याचे काम आहे. पॅकिंग आणि तपासणीची लॅब यांच्यामध्ये काच आहे. समितीने सर्वांना पास केल्यानंतर पूजाने आणखी एक वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि पुढच्या भरतीत कंपनीने तिला लॅबमध्ये घेतले. ब्युरेटची टेबले काचेच्या बाजूलाच आहेत. पूजा तिथे काम करते. दोघी एकाच बसने जातात आणि येतात.